हाडाला सुट्टी

धुळ्याच्या शाळेत मी सोमवार ते शनिवार विज्ञान शिकवायचो आणि रविवारी चर्चमध्ये मुलांना बायबल. दहावीला उत्क्रांतीचा धडा आला की तापीकाठी सापडलेलं, दगड झालेलं एक हाड कपाटातून काढायचो. रविवारी त्याच वर्गातली दोन-तीन पोरं पुढ्यात बसून विचारायची, "सर, मग जग सहा दिवसांत कसं झालं?" देवाचा दिवस आपल्यासारखा चोवीस तासांचा नसतो, असं मी सांगायचो. आधी उत्साहाने, मग वैतागून, शेवटी नुसतं सवयीने.

एका खंडेनवमीला शाळेच्या म्हाताऱ्या शिपायाने प्रयोगशाळेतल्या उपकरणांची पूजा करताना त्या हाडालाही हळदकुंकू लावलं. मी चिडलोच. म्हटलं, "नाना, हे काय हत्यार आहे?"

"सर, बठ्ठं वरीस तुम्ही यानावरच काम करतस," ते शांतपणे म्हणाले. "आज त्याले हात लावू नका. आज त्याले सुट्टी शे."

मी कपाट लावून घेतलं. सातव्या दिवशी देवाने विसावा घेतला, हे मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवत होतो, आणि तेही रविवारीच.