पुढच्या गावाला काय न्यायचं

ऑफिसातून आले की चहाचा कप घेऊन मी लॅपटॉपवर गाव वसवत बसते. चाळिशीच्या बाईला हे शोभत नाही असं माझी बहीण म्हणते. न शोभणाऱ्या गोष्टींतच मला रस, त्याला इलाज नाही. गेम साधा आहे. रिकाम्या रानात विहीर, घरं, कोठार उभं करायचं आणि माणसं जगवायची. पण केव्हातरी वादळ येतं आणि सगळं गाव पुसून जातं. मागे जाऊन चूक दुरुस्त करता येत नाही. परत नवी जमीन, दरवेळी वेगळी. पाणी कुठे, लाकूड कुठे, काही ठाऊक नसतं. जुन्या गावातली एकच गोष्ट पुढच्या गावाला नेता येते. ती निवडताना मला जी मजा येते, ती पगाराच्या दिवशीही येत नाही.

कायमची शहरं बांधायचे गेमही खेळून पाहिलेत. एकदा रस्ते नीट लागले की नुसता कारभार उरतो, आणि कारभार मी दिवसभर ऑफिसात करतेच.

वडील गेल्यापासून आई पाथर्डीकडच्या आमच्या गावी एकटी होती. या दिवाळीनंतर मी तिला भांडून भिंगारच्या माझ्या फ्लॅटवर आणली. आली खरी, पण रमेना. कपाट रिकामं करून दिलं तरी लुगडी पिशवीतच, आणि पिशवी दाराजवळ. चार दिवस झाले की म्हणायची, "मी जाते आता." मला राग यायचा. गावी कुठे पडली-झडली तर बघणार कोण, ही धास्ती माझ्या मनातून जात नव्हती.

एका संध्याकाळी ती माझ्यामागे येऊन बसली. नेमकं तेव्हाच वादळ आलं आणि गाव गेलं.

"आता गं?"

"आता नवीन गाव. पहिल्यापासून."

"आन तू हासतीस?"

"मजा असते त्यात."

"आमी दरसाली हेच केलं," आई म्हणाली. "मजा कुनी म्हनलं न्हाई त्याला."

खरंच होतं. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला कोपरगावकडे जायचे, आम्ही मुली त्यांच्याबरोबर. मुकादम दाखवेल त्या रानात बांबू, पाचट आणि ताडपत्रीची कोपी उभी राहायची, हंगाम संपला की मोडायची. आईच पुढे म्हणाली, "पयल्या सांजंला मातर बरं वाटायचं. चूल कुटं घालायची, दार कुनीकडं करायचं, समदं आपल्या हातात."

हा नाद मला कुठून लागला ते कळलं आणि हसू आलं.

स्क्रीनवर प्रश्न आला होता, पुढच्या गावाला काय न्यायचं. सवयीनं मी कोठार निवडायला गेले.

"कोठार काय करतीस? शेजारीन ने."

"तसं नसतं यात, आई."

"मग कसलं गाव हाय ते?"

शेजारीण म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई, गाव पाथर्डीच्या पार दुसऱ्या अंगाला. रान कुठलंही असो, तिची कोपी आमच्या डाव्या हाताला. आम्ही तिला डावीकडची मावशीच म्हणायचो. दोघींची भेट हंगामातच व्हायची. तोड सुटली आणि भेटही संपली. मी आईला टीव्ही दिला, गिझर दिला, पण तिच्या जुन्या गावातलं काहीएक इथे आणायचं मला सुचलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

ओळखीतून मावशीचा नंबर काढला. मुलगा-सून तोडीला गेलेले, ती घरी एकटीच. रविवारी एसटीनं आली. आईनं हॉलमध्ये दोन अंथरुणं घातली, मावशीचं डाव्या बाजूला. मी म्हटलं, तिथे खिडकीचा गार वारा लागतो. दोघींनी लक्षही दिलं नाही.

मावशी आठवडाभर राहिली. दोघी लसूण सोलत बसायच्या, बोलायच्या कमीच. आईचं "मी जाते" बंद झालं. मावशी निघाली तेव्हा मात्र मी धास्तावले. आता आईही जाईल असं वाटलं.

तिला गाडीत बसवून आम्ही घरी आलो. आईनं खरंच पिशवी उचलली. ती कपाटापाशी नेली आणि एकेक लुगडं उजव्या कप्प्यात लावलं. डावा कप्पा तिनं रिकामा सोडला.

"ह्यात तुजं काय ठिवू नगंस," ती म्हणाली. "ती संक्रांतीला येनार हाय."