आवाजाचं प्रूफ

आमच्या वन्संना दिसत नाही आणि त्या मुद्रितशोधक आहेत, हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग ओशाळतो, मग विचारतो, "कसं काय?" मी उत्तर देणं आता सोडून दिलंय. माझ्या नवऱ्याच्या या थोरल्या बहिणीने गेली एकोणीस वर्षं एका छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका पकडल्या आहेत. त्यांतल्या निम्म्या तरी माझ्या असतील, कारण त्याच छापखान्यात मी अक्षरजुळणी करते. मी टाइप करते, त्यांचा संगणक तो मजकूर वाचून दाखवतो आणि त्या ऐकतात. त्यांचं म्हणणं असं, की डोळे वाक्य स्वतःच पुरं करून घेतात, कानांना ती खोड नाही. घरीसुद्धा मी एखादं वाक्य अर्धवट सोडलं तर त्यांना चैन पडत नाही.

पुस्तकाचं शेवटचं प्रूफ तपासून झालं, की त्याला एक चिठ्ठी टाचतात. त्या चिठ्ठीवर वन्सं स्वतःच्या हाताने "छापा." असं लिहितात. नवव्या वर्षापर्यंत त्यांना दिसत होतं, तेव्हा गिरवलेलं अक्षर अजून हातात आहे. पूर्णविराम कधी चुकत नाही. ही चिठ्ठी आल्याशिवाय आमच्याकडे एक पान छापलं जात नसे, आणि वन्संचा सगळा रुबाब त्या चिठ्ठीत होता.

हे सगळं बिघडलं एका गोड आवाजामुळे.

त्यांच्या संगणकावर विकतची सिस्टीम होती. जुना वाचणारा आवाज खरखरीत होता, पण उच्चार चोख. एका सकाळी कंपनीने न विचारता तो बदलला आणि नवी बाई आली. इतकी मधाळ, की तिने "व्याकरणाची चूक" म्हटलं तरी आभार मानावेसे वाटायचे. पण तिला ळ म्हणता येत नव्हता. वेळ आणि वेल, काळ आणि काल, तिला सगळं सारखंच. अक्षरं सुटी करून वाचायला लावली, की ळ ला ती "दुसरा ल" म्हणायची.

"दुसरा ल!" वन्सं संतापल्या. "म्हणजे काय, सावत्र?"

त्यांनी कंपनीला तीनदा कळवलं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. जुना आवाज परत मागितला तर तो आता उपलब्ध नाही म्हणे. मग वन्सं ल आला, की थांबायच्या, अक्षरं सुटी करायच्या आणि पुढे जायच्या. एका पानावर किती ल असतात ते तुम्ही मोजून बघा. वर्षभर त्यांनी हे केलं. एक सुटला.

एका निवृत्त परिचारिकेच्या आठवणींचं पुस्तक होतं. चाळीस वर्षं रुग्णालयात काढलेल्या, लग्न न केलेल्या बाई. पहिल्याच पानावर त्यांनी लिहिलं होतं, "मी माझं मूळ मागे सोडून या शहरात आले." छापलं गेलं, "मी माझं मूल मागे सोडून या शहरात आले."

पुस्तक नातेवाइकांत वाटलं गेलं आणि बाईंचा फोन वाजायला लागला. कुठलं मूल? कुणाचं? एका चुलतबहिणीने तर म्हणे विचारलं, की आता ते केवढं असेल. मला आधी हसू फुटलं, आणि मग मी समोरच्या कीबोर्डकडे पाहिलं. कारण ळ साठी शिफ्टची कळ दाबावी लागते, आणि ती न दाबणारं बोट माझं होतं.

बाई छापखान्यात आल्या त्या दिवशी मांडीवर पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. काहीतरी सांगायला दोनदा तोंड उघडलं त्यांनी, पण मालक माफी मागण्यात इतके रंगले होते, की बाईंना शब्द टाकायला फट मिळाली नाही. पुस्तक पुन्हा छापून देतो, असं कबूल करून मालक वन्संकडे वळले.

"ताई, तुमच्याबद्दल शंका नाही. पण यापुढे तुमच्यानंतर कुणीतरी एकदा डोळ्यांनी बघू दे." आणि त्यांनी चिठ्ठीवर एक नवी ओळ छापून घेतली: डोळ्यांनी तपासणाऱ्याची सही.

चूक माझ्या बोटाची आहे, हे मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "चुका सगळ्यांच्याच होतात, त्या पकडायलाच ताई आहेत ना?" संध्याकाळी घरी परतल्यावर वन्सं दारात चपला काढताना म्हणाल्या, "वहिनी, मला तो आवाज नको. दुसरा शोधू या."

योगायोगाने त्याच महिन्यात संगणकाने जाहीर केलं, की सिस्टीमची नवी आवृत्ती या जुन्या मशीनवर चालणार नाही आणि जुनीची देखभाल बंद होणार. मालक नवं मशीन आणायला तयार होते, पण त्यातही तीच मधाळ बाई असणार होती. वन्संनी पुस्तकाची नवी प्रुफं येईपर्यंतची मुदत मागून घेतली आणि जुनं मशीन तेवढ्यापुरतं घरी आणलं.

आमच्या खालच्या मजल्यावर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. सगळे त्यांना टेलिफोनवाले म्हणतात, आणि एकदा सुरू झाले, की लाइन कट होत नाही. त्यांच्या घरी विकतच्या सिस्टीमऐवजी सगळं लिनक्सवर चालतं. वन्संची अडचण ऐकून त्यांना अगदी भरून आलं. रविवारी दुपारी ते तीन पेन ड्राइव्ह घेऊन हजर.

"यांत लिनक्सचे तीन प्रकार आहेत," ते म्हणाले. "पेन ड्राइव्ह लावायचा, मशीन त्यावरून सुरू होतं. आतल्या कशालाही धक्का लागत नाही. पटलं तर ठेवा, नाहीतर काढून टाका."

"फुकट?" मी विचारलं.

"फुकट नव्हे, मुक्त! आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, बदलावं. हे स्वातंत्र्य..."

"स्वातंत्र्याचं नंतर बघू," वन्सं म्हणाल्या. "आधी बोलतं का ते सांगा."

पहिला प्रकार मी पसंत केला होता, हे कबूल करते. काय देखणा होता! पडद्यावर डोंगर, धुकं, खाली गोल गोल चित्रांची रांग. मी भान हरपून वर्णन करत राहिले. दोन मिनिटं ऐकून वन्संनी विचारलं, "सुंदरच असेल गं. पण गप्प का आहे?"

गप्प होता, कारण वाचणारा आवाज सुरू करायची खूण मेनूच्या तिसऱ्या कप्प्यात होती. ती मी माउसने शोधली. "म्हणजे दर वेळी बिघडलं, की तुला हाक मारायची," वन्संनी निकाल दिला. पेन ड्राइव्ह बाहेर.

दुसरा छान बोलत होता. वन्संची बोटं भराभर चालू लागली, चेहरा खुलला. कुठे काय ठेवलंय, हे दाबलं तर काय होतं, ते नाही दाबलं तर काय होतं, असा त्यांचा फेरफटका अर्धा तास चालला. परक्या घरात शिरून सगळी कपाटं उघडून बघावीत तशा त्या बघत होत्या, आणि कुणी रागावतही नव्हतं. पण मशीनवर कायमचा बसवताना पासवर्डच्या खिडकीपाशी तो मुका झाला. नेमकं तिथेच! टेलिफोनवाले घाईघाईने म्हणाले, "एवढंच मी करून देतो." वन्संनी मान हलवली. त्यांना एवढंच कुणी करून द्यायला नको होतं.

तिसऱ्याने सुरू होताच नुसतं "टिट्" केलं.

"हां," टेलिफोनवाले कुजबुजले, "आता एस दाबा आणि एंटर." दाबलं, आणि खोलीत पत्र्याच्या डब्यातून यावा तसा आवाज घुमला. पुढचा पाऊण तास तो एकेक प्रश्न विचारत गेला आणि वन्सं उत्तरं देत गेल्या. भाषा, घड्याळ, नाव, पासवर्ड. मी आणि टेलिफोनवाले हातावर हात ठेवून बसलो होतो. संगणक आमच्या आयुष्यात आल्यापासून माझ्या डोळ्यांना एकही काम नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं. मला जरासं वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू.

"आवाज भयंकर आहे," मी म्हणाले.

"असू दे. मला लग्न नाही करायचं त्याच्याशी." आणि वन्संनी परीक्षेचे शब्द टाइप केले: वेळ, वेल, काळ, काल, मूळ, मूल.

डबा म्हणाला: वेल, वेल, काल, काल, मूल, मूल.

वन्संनी कीबोर्ड दूर सरकवला. एवढं फिरून पुन्हा तिथेच. मला त्या डब्याला खिडकीतून फेकावंसं वाटलं. टेलिफोनवाले मात्र डोकं खाजवत होते. "ताई, ही सिस्टीम मुक्त आहे म्हणालो ना? मग याने कुठला उच्चार कसा करायचा, तेही आत कुठेतरी लिहिलेलं असणार. साधी फाइल असते. मीही कधी उघडलेली नाही."

"लिहिलेलं आहे?" वन्संनी कान टवकारले. "अक्षरात?"

"अक्षरात."

"मग त्याचं प्रूफ तपासता येईल."

फाइल सापडायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दुपारी वन्सं तीन तास त्या डब्याकडून त्याचीच फाइल वाचून घेत होत्या. डावीकडे आपलं अक्षर, उजवीकडे त्याच्या उच्चाराची रोमन खूण. त्या मधूनच हसत, मधूनच "अरे गाढवा" म्हणत. मी चहा दोनदा गरम केला. कसलंही भाषण न करता त्यांनी मला हाक मारली. "वहिनी, सापडलं. ल पुढे एल लिहिलंय. ळ पुढेही एल लिहिलंय. लिहिणाऱ्याने कधी ळ ऐकलाच नसणार, बिचारा."

टेलिफोनवाल्यांनी खुणांचा तक्ता शोधून काढला. जीभ वर वळवून म्हणायचा ल हवा असेल, तर एलपुढे टिंब द्यायचं. बास. वन्संनी टिंब दिलं. टेलिफोनवाल्यांनी एक लांबलचक आज्ञा तोंडी सांगितली, ती टाइप झाली, आणि वन्संनी पुन्हा तेच शब्द दिले.

वेळ, वेल, काळ, काल, मूळ, मूल.

वन्संनी ते सात-आठ वेळा वाचून घेतलं. मग आपणहून टाइप केलं: डोळे. आंधळी. डबा नीट म्हणाला. "वर्षभर ती बया मला आंधली म्हणत होती," त्या म्हणाल्या. "म्हणायचंच तर नीट म्हणा." टेलिफोनवाले नाक पुसायला लागले आणि मीही काही कमी नव्हते.

ती दुरुस्ती टेलिफोनवाल्यांनी फाइल सांभाळणाऱ्यांना पाठवली. चार दिवसांनी कुठल्याशा लांबच्या गावाहून उत्तर आलं: दुरुस्ती स्वीकारली, पुढच्या आवृत्तीत सगळ्यांना मिळेल. आमच्यापैकी कुणालाच तुमची भाषा बोलता येत नाही, आणखी चुका सापडल्या तर कृपया कळवा. वन्संनी ते तीनदा ऐकलं. "कळवा म्हणतायत," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी बारीकसारीक चुकांची चार पानं रवाना झाली. माझी जागा त्या फाइलीने घेतली, असं मी नवऱ्याला म्हणालेसुद्धा.

मग पुस्तकाची नवी प्रुफं आली. वन्संनी ती छापखान्यात त्याच जुन्या मशीनवर, त्या डब्याकडून वाचून घेतली. माझ्या आणखी दोन चुका निघाल्या, त्यांतली एक पहिल्या आवृत्तीत बिनबोभाट छापली गेली होती. शेवटच्या दिवशी मालकांनी परिचारिका बाईंना बोलावून घेतलं. डोळ्यांनी तपासणाऱ्याची सही त्यांनीच करावी, म्हणजे पुन्हा भानगड नको, असा त्यांचा हिशेब.

वन्संनी इअरफोन काढला आणि पहिलं पान मोठ्याने लावलं. "मी माझं मूळ मागे सोडून या शहरात आले," डबा म्हणाला. बाई दचकल्या, मग पुढे झुकून ऐकू लागल्या. मालकांनी चिठ्ठी आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं.

बाईंनी पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"मी त्या दिवशी हेच सांगायला आले होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलूच दिलं नाहीत, आणि नंतर मला धीर झाला नाही. छापण्याआधी ही पानं माझ्याकडे पाठवली होती ना? पहिलं पान मी तीन वेळा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. तिन्ही वेळा मला मूळच दिसलं."

बाई वन्संच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

"ताई, माझ्या डोळ्यांची सही घेऊन काय करता?" त्या वन्संना म्हणाल्या. "तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं," वन्सं म्हणाल्या.

मालकांनी चिठ्ठी उचलली, खालची ओळ पट्टी लावून फाडली आणि उरलेला कागद वन्संच्या हाताखाली ठेवला. वन्संनी डाव्या हाताच्या बोटांनी कागदाची कड चाचपली. फाटलेल्या जागी बोट थांबलं, तिथून परत फिरलं. मग त्यांनी लिहिलं, "छापा", आणि पेन जरासं उचलून पुढे नीट, दाबून, टिंब दिलं.