चाळीस पाच

नोकरी लातूरला आणि पीएच.डी. नांदेडला, त्यामुळं सुट्टीचा दिवस बसमध्येच जायचा. माझे गाइड मूळचे देगलूरचे, घरची भाषा तेलुगू. आमचं काम सांगायला सोपं होतं. कुठलाही आकडा दिला की संगणकानं तो मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये अक्षरी लिहायचा. तोही तयार यादी बघून नव्हे, व्याकरणाचे नियम लावून.

तेलुगू लवकर जमली. चाळीसपुढं पाच ठेवले की झाले पंचेचाळीस. मराठीनं मात्र छळलं. 'एकोणपन्नास'चा नियम कसाबसा बसवावा, तर 'नव्व्याण्णव' आडवं यायचं.

सर म्हणायचे, "तेलुगू तू पुस्तकातली घेतलीस. आमच्याकडं असं नाही बोलत. माझा आवाज रेकॉर्ड करून घे एकदा."

"घेते ना सर. आधी मराठी होऊ द्या."

मराठी होईपर्यंत सरांना अर्धांगवायू झाला.

भेटायला गेले तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. काकू आकड्यांची कार्डं दाखवून त्यांच्याकडून बोलण्याचा सराव करून घेत होत्या. त्यांनी पंचेचाळीसचं कार्ड धरलं. सर बराच वेळ बघत राहिले.

"चाळीस... पाच."

"पंचेचाळीस म्हणा," काकू म्हणाल्या.

मला एकदम कळलं. मराठी शब्द हरवला होता आणि सर तो तेलुगूच्या रीतीनं जोडत होते. असलं काही सापडलं की मी ज्यांच्याकडं धावत जायची, ते समोरच होते, आणि मला ते त्यांना सांगता येत नव्हतं.

"सर, तेलुगूत सांगा ना," मी म्हटलं.

त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

"पुरे गं, थकतात ते," काकू म्हणाल्या. रेकॉर्डिंगसाठी मोबाईल मी पर्समधून काढलाच नाही.

सर त्यातून उठले नाहीत. पुढं मला डिग्री मिळाली. तोंडी परीक्षेत कुणीतरी विचारलं, तेलुगू कुठली घेतली? "प्रमाण," मी म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र खाली बघावंसं वाटलं.

नंतर एकदा मुद्दाम देगलूरला गेले. स्टँडवर तेलुगूत चहा मागितला. चहावाला हसला आणि मराठीत म्हणाला, "ताई, कुठल्या तुम्ही?"