वाढणाऱ्याचा कान

जगात बोलणारी माणसं पुष्कळ आहेत, पण थांबावं कसं या एकाच विषयावर आयुष्यभर न थांबता बोललेला माणूस आमच्या भाऊजींशिवाय दुसरा झाला नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे समुद्रपूरकडचे, कापसाच्या शेतातले. पुढे मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवू लागले आणि निवृत्तीनंतर पिपरी मेघ्यात घर बांधून राहिले. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप कसा देते, हा त्यांचा जन्माचा विषय. त्यातही निरोप देणाऱ्या पेशीच्या टोकावर जे रिसेप्टर, म्हणजे निरोप टिपणारे रेणू, बसलेले असतात, त्यांच्यावर त्यांचा इतका जीव, की ताई म्हणायची, "माह्याशी लगनबी त्यायलेच इचारून केलं असन."

हे प्रकरण ते कोणालाही समजावत. दूधवाल्याला दारात, एसटीत शेजारी बसलेल्याला, दाढी करता करता न्हाव्याला. "पाय, एका पेशीनं ग्लुटामेट नावाचं रसायन सोडलं की दुसरी पेशी चेतते. बरोबर? पण सोडणारीच्या टोकालेबी कान असते. आपणच सोडलेलं किती झालं, हे ते ऐकते अन् म्हणते, आता आवर. मंग ग्लुटामेट कमी सुटते." एवढ्यावर थांबले तर ते भाऊजी कसले! मग कॅल्शियम आत यायचं कमी कसं होतं, काही कान उलट सोडणं वाढवतात ते का, शेजारची पेशीसुद्धा येऊन कशी दटावते, हे सगळं व्हायचं. तोवर दूध नासायच्या बेताला आलेलं. शेवटी आतून ताईचा आवाज यायचा, "बस करा आता!" आणि भाऊजी वाक्याच्या मध्येच, क्रियापदसुद्धा न लावता, गप्प व्हायचे. त्यांना थांबवणारी तेवढी एकच गोष्ट त्रिभुवनात होती.

ही विद्या त्यांनी पंगतीत उतरवली तेव्हा मात्र कहर झाला. आमच्याकडे वाढणाऱ्याची अब्रू आग्रहावर ठरते. पाहुण्यानं पानावर आडवा हात धरून "बस, बस" म्हटलं, तरी बोटांच्या फटीतून एक जिलबी सरकलीच पाहिजे. भाऊजींना हे पटेना. समुद्रपूरला पुतणीच्या लग्नात ते आलू-वांग्याच्या भाजीची बादली घेऊन उतरले ते तत्त्व घेऊनच: थांबायची अक्कल वाढणाऱ्याला हवी, जेवणाऱ्यानं सांगायची वाट कशाला पाहायची? पळीभर वाढायचे, पानाकडे बघून स्वतःशीच मान हलवायचे आणि पुढे सरकायचे. पुन्हा फेरी नाही. नवरदेवाकडचे म्हातारे व्याही रिकाम्या पानापुढे ताटकळले. लग्नात मागून खायची आपल्यात रीत नाही. शेवटी त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "काऊन जी, भाजी सरली का यायची?" रुसवा पेटणार, इतक्यात ताईनं पदर खोचला, नवऱ्याच्या हातातली बादली ओढून घेतली आणि व्याह्यांच्या पानात भाजीचा डोंगर रचला. "यायच्या मेंदूत नुसते ब्रेकच हायेत," ती म्हणाली. पंगत हसली, व्याही हसले, आणि सगळ्यात मोठ्यानं भाऊजी हसले.

परतीच्या एसटीत त्यांनी मला कबुली दिली. "माह्यं चुकलं. काही ठिकाणी घेणारी पेशीच उलटा निरोप धाडते, बस म्हणून. तो येत नाई तोवर देत राहाचं असते." मग जरा वेळानं, "पण तो निरोप ऐकणारा कानबी देणाऱ्याच्याच टोकाले असते, ध्यानात ठेवजो."

मागच्या वर्षी ताईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. मेंदूचं रक्त अडलं की ग्लुटामेट बेसुमार सांडतं, कोणी कोणाचं ऐकेनासं होतं आणि पेशी होरपळतात, हे भाऊजींनी पोरांना वर्षानुवर्षं शिकवलेलं. दवाखान्याच्या बाकावर ते एक अक्षर बोलले नाहीत. मला फार भीती वाटली, ताईसाठी आणि त्यांच्यासाठीही.

हात हळूहळू सुधारला, बोलणं काही परतेना. तिला सगळं कळायचं, शब्द तेवढा ओठांवर यायचा नाही. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी भाऊजींना बजावलं, "बोलत राहा, पण मध्ये थांबा. त्यांना जागा द्या." तेव्हापासून भाऊजी अर्धं वाक्य बोलायचे, "आज वांगे आणले, त्याची..." आणि तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. काहीच आलं नाही की हळूच आपणच म्हणायचे, "भाजी." ज्या घरात एरवी टाचणीला शिरायला फट नव्हती, तिथली ती शांतता मला सोसवत नसे.

संक्रांतीला मी तिथंच होतो. शेजारी नवीन राहायला आलेले गृहस्थ तिळगूळ घेऊन आले आणि त्यांनी सहज विचारलं, "सर, तुम्ही काय शिकवत होते?" किती दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. भाऊजी सुटले. ग्लुटामेट झालं, कान झाले, कॅल्शियम आलं. पाहुण्याच्या मुठीत लाडू तसाच. खुर्चीत ताई अस्वस्थ झाली, लाल झाली, ओठ हलू लागले.

"ब... बस," ती म्हणाली. "बस करा."

भाऊजी वाक्याच्या मध्येच थांबले. तिच्यापाशी जाऊन जमिनीवर बसले आणि डोळे पुसत म्हणाले, "अजून एकदा म्हण वं." ताई नुसती हसली. ते थांबलेच होते, आता म्हणायचं कशाला? म्हणून त्यांनी तिथंच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

बाकीचे शब्द अजून यायचेत; काही कदाचित येणारही नाहीत. परवा गेलो तेव्हा व्याख्यानाचा आवाज फाटकापर्यंत येत होता. मी चपला काढल्या आणि पायरीवरच बसलो. आतून तिचं "बस" ऐकल्याशिवाय दार वाजवायचा मला धीर होईना.