दादाचं बोडकं डोकं

माझ्या दादानं जन्मात कुणाचं वाईट केलं नाही. त्यानं फक्त टोपी काढली. तेवढ्यावरून भोरच्या पेठेत, कापूरहोळच्या फाट्यावर आणि आमच्या भोंगवलीच्या पारावर इतक्या लोकांच्या पोटात दुखलं, की ह्यांना दुसरा कामधंदा आहे की नाही, असं कुणालाही वाटावं. नव्हताच म्हणा.

दादा भोरला शाळेत मास्तर होता. आमच्या शेतकऱ्याच्या घरातला पहिला शिकलेला. लहानपणापासून त्याच्या डोक्याला घाम सोसायचा नाही. ऊन तापलं की टोपीच्या कडेनं कपाळभर पुटकुळ्या उठायच्या, फुटायच्या, सकाळी उशी डोक्याला चिकटलेली असायची. भोरच्या वैद्यांनी मलम दिलं आणि म्हणाले, ‘मास्तर, औषध थोडं आणि वारा जास्त. डोकं उघडं ठेवा.’ दादानं टोपी खुंटीला लावली. झालं!

आता त्या वेळचं ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. तेव्हा पुरुषाचं डोकं उघडं दिसलं की त्याचा अर्थ एकच, घरात कुणीतरी गेलंय. मयताच्या मागं चालताना पटके उतरायचे. ज्याचा बाप गेला त्याच्या डोक्याला दिवस होईपर्यंत काही लागायचं नाही. तेराव्याला सोयरे येऊन त्याला नवं पागोटं बांधायचे, मग तो माणसांत यायचा. एरवी बोडक्यानं हिंडणं म्हणजे जित्या बापाचं वाईट चिंतणं.

त्यामुळं दादा पेठेतनं निघाला की ओळख ना पाळख, माणसं आडवी यायची. ‘मास्तर, कोण गेलं?’

‘कुणी नाही.’

‘मग?’

त्या ‘मग’ला काय उत्तर द्यायचं? कुणी मेलेलं नाही, याचीही माफी मागायची काय? एक दुकानदार तर दादा लांबून दिसला की फळीकडं तोंड करून उभा राहायचा. सकाळची बोहनी व्हायची असायची ना! एकदा सर्व्हिस मोटारीत भोपळ्यांची दोन पोती घेतलेला एक अनोळखी गडी ओरडला, ‘ह्या बोडक्याला मागं बसवा, न्हाईतर म्या उतरतो.’ दादा गुमान मागं जाऊन बसला. पुढं मोटारीचं चाक फुटलं. फुटलं ते त्या भोपळ्यांच्या ओझ्यानं, पण शिव्या खाल्ल्या दादाच्या डोक्यानं. आणि चाक बघायला तो गडी वाकला, तर त्याचं धोतर मागनं हे एवढं फाटलेलं! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून म्हणतात. ह्या बाबाला झाकायचंही जमलं नव्हतं.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. माझं लग्न मध्ये आलं तेव्हा हसू आटलं.

दोन ठिकाणं आधीच परत गेली होती. आबांना, म्हणजे आमच्या वडलांना, दमा जडला होता. ‘पोरगी उजवली की म्या मोकळा’ एवढाच त्यांचा धोशा. वेल्ह्याकडचं, मार्गासनीचं ठिकाण सांगून आलं आणि जमलं. खोटं कशाला बोलू, मलाही ते हवं होतं. जत्रेत मी मुलगा बघितला होता. उंच, शांत, स्वतःशीच हसणारा.

सुपारी फोडायला मार्गासनीची माणसं बैलगाडीनं यायची होती. वाट दाखवायला दादा भोरहून कापूरहोळला आला आणि फाट्यावर झाडाखाली थांबला. बोडका. गाडीत माझे होणारे सासरे पुढं बसले होते. त्यांनी लांबूनच बघितलं, पोरीचा भाऊ उघड्या डोक्यानं उभा आहे. जवळ येऊन विचारायला काय जीभ झडली होती? पण नाही. शुभाचा खणनारळ सुतकातल्या माणसाच्या सावलीत न्यायचा नाही, म्हणून त्यांनी तिथनंच बैल वळवले. दादा ‘अहो, अहो’ करत मागं धावला, तर गाडी आणखी पळाली.

इकडं आम्ही पुरणाचा स्वयंपाक करून वाट बघत बसलो. दादा एकटाच आला आणि झालेलं सांगितलं. आई कपाळाला हात लावून बसली.

दुसऱ्या दिवशी ती माणसं आली. वेशीपासनं गळा काढत आली! बायकांनी तोंडाला पदर लावलेले, पुरुषांनी पटके उतरून काखेत मारलेले, एकीच्या डोक्यावर सुतकाच्या घरी द्यायच्या पिठलं-भाकरीची टोपली. आबा ओसरीवर दोर वळत बसले होते. एवढा आकांत ऐकून ते उठले, पटका सावरला आणि कळवळून विचारलं, ‘काय झालं हो? कोण गेलं?’

पुढच्या बाईचा हंबरडा घशातच अडकला. तिला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

माझे सासरे आबांकडं नुसतं बघत राहिले. ‘तुमी... हायसा व्हय?’

‘हाय की. कालबी हुतो.’

तुम्हाला वाटेल, माणूस जिता बघून त्यांना बरं वाटलं असेल. छे! उलट ते खवळले. जसं काही आबांना जितं ठेवून आम्ही त्यांची फसवणूकच केली.

‘माणूस गेलं न्हाई, मग पोराचं डोकं बोडकं कशापायी?’

दादानं वैद्यांचं सांगितलं. पुढं होऊन कपाळ दाखवलं, चिघळलेलं. एकानं मान वर करून बघितलं असेल तर शपथ.

‘वैद्य काय बी सांगंल,’ सासरे म्हणाले. ‘तुमच्या पोरापायी चार मान्सांत आमची शोभा झाली. आमी गावभर रडून निघालो! बोडक्याच्या घरची सोयरीक आमाला नको.’

गावभर रडायला कुणी सांगितलं होतं, असं विचारायचं धाडस एकालाही झालं नाही. मी दाराआड उभी होते, अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. नको मला असलं सासर, असं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आबांना दम्याची उबळ आली. ते खांबाला धरून खाली बसले. माझं तोंडातलं तोंडात राहिलं.

दादानं आबांकडं बघितलं, मग दाराकडं, मी होते तिकडं. खुंटीवरचा आबांचा जुना पटका काढला आणि सगळ्यांसमोर त्या उघड्या जखमांवर आवळून बांधला.

‘आता?’

‘आता कसं मान्सावाणी दिसतंय!’ सासरे म्हणाले. ‘पर कायमचं, बरं का. आमच्या दारात आन् बाजारातबी.’

‘कायमचं,’ दादा म्हणाला.

लगेच सगळे खूश. रडायला आलेल्या बायांनी चहा घेतला, सुतकाची पिठलं-भाकरी पंगतीत वाढली गेली, आणि माझी सुपारी फुटली. असली लाज नसलेली पंगत मी पुन्हा बघितली नाही.

लग्न होऊन मार्गासनीला आले. भाताची लावणी लागली आणि मी बघतच राहिले. चिखलात मामंजी, दीर, चुलत सासरे, सगळ्यांच्या कमरेला बोटभर लंगोटी आणि डोक्याला पटका! बाकी सगळा देह वाऱ्यावर. एकदा मालकांना विचारलं, ‘तुमच्याकडं अब्रू डोक्यावर असती व्हय?’ ते हसले आणि म्हणाले, ‘हळू बोल, बाबा ऐकतील.’ माणूस चांगला मिळाला होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दादानं शब्द पाळला. दिवाळीला मला माहेरी न्यायला यायचा तो टोपी घालून. कपाळावर काळा पट्टा पडला होता, त्याच्या कडा कायम ओल्या. मी त्याला गोठ्यात न्यायची आणि म्हणायची, ‘काढ रे घटकाभर, हितं कोण बघतंय?’ तो म्हणायचा, ‘तुझे सासरे येतील.’ आणि आता त्याला टोपीत बघून पेठेतली ती सगळी माणसं राम राम घालायची. कपाळातनं पू येतो का रक्त, ते कुणी विचारलं नाही. टोपी होती, मग झालं.

काही वर्षांनी आबा गेले. झोपेतच गेले, त्यांचे हाल झाले नाहीत. दादानं मुंडन केलं. कामासाठी त्याला दोनदा भोरला जावं लागलं, तो उघड्या डोक्यानं गेला. फळीकडं तोंड करणारा तो दुकानदार खाली उतरून हात जोडून उभा राहिला. मोटारीत लोकांनी उठून जागा दिली.

तेराव्याला मामंजी मार्गासनीहून नवं पागोटं घेऊन आले. त्यांचाच मान होता. दादा पाटावर बसला. त्याचं कपाळ मी किती वर्षांनी नीट बघितलं. जखमा सुकल्या होत्या, नवी कातडी आली होती. मामंजींनी पागोटं चांगलं घट्ट बांधलं, मागं सरून बघितलं आणि म्हणाले, ‘आता कसं मान्सावाणी दिसतंय.’

पंगत उठल्यावर दादा परसात हात धुवायला आला. मी पाणी घालत होते. पागोट्याच्या कडेखाली बोट घालून त्यानं जरा सैल केलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, ‘बाय, जाता जाता आबांनी तेवढं सुख दिलं बघ. तेरा दिवस डोक्याला वारा लागला.’