साडूंचा वरचा सूर

समाधानाशी इतकं हाडवैर असलेला माणूस पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत दुसरा नाही, आणि कुणी चाकणपर्यंत शोधत गेला असता तर तिथेही पुन्हा माझे साडूच भेटले असते, कारण ते तिथे नोकरीला होते. गाड्यांचे पत्रे ठोकणाऱ्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये त्यांनी उभा जन्म क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढला. चांगला माल हिरव्या क्रेटमध्ये, खराब माल लाल चिठ्ठी बांधून लाल क्रेटमध्ये. निवृत्त होताना घड्याळ कंपनीने दिलं, लाल चिठ्ठ्या ते स्वतःच घेऊन आले. ताईंनी, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीने, आणलेल्या मेथीच्या जुडीला चिठ्ठी लटकलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. माझं लग्न ठरताना मला बघायला आलेल्या मंडळींत हेही होते, आणि सासऱ्यांना त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं होतं, ‘चालंल, पण थोडं रीवर्क लागंल.’

तरुणपणी ते गणपतीच्या मांडवांतून एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा कुणी गायिका पटकावली, कुणी कोंगो उचलला, आणि यांच्या वाट्याला गिटारचा ॲम्प्लिफायर आला. जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व असलेलं हे धूड चालू केलं की आधी निवांत तापतं आणि मगच तोंड उघडतं. निवृत्तीनंतर साडूंनी ते माळ्यावरून उतरवलं, वाजवून पाहिलं आणि जाहीर केलं की याचा वरचा सूर गेला. वरचा सूर म्हणजे काय, असं मी भीत भीत विचारलं. बारीक तार छेडली की तिच्या शेवटाला एक चांदीची किनार यायची, ती येत नाही, असं कळलं. मला तर सगळंच गोड लागत होतं. त्यावर ते म्हणाले, ‘राव, तुमचं कान निस्तं चष्मा अडकवायला.’

दोष व्हॉल्वचा, ते बदलले की सूर परत येणार, हे एकदा ठरलं आणि आमच्या नात्यागोत्यात जुना रेडिओ असलेलं एकही घर सुरक्षित राहिलं नाही. जुन्या बाजारातून ते व्हॉल्व आणायचे ते पायमोज्यात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर धरून, आणि शेजारी कुणी टेकलं की त्याच्याकडे असं बघायचे की तो बिचारा उभाच राहायचा. घरी आल्यावर पेन्सिलीने टकटक करून तपासणी, मग बसवणं, मग तापेपर्यंत शांतता, मग तीच एक ठरलेली तान. मग ‘न्हाई’, आणि लाल चिठ्ठी. पलंगाखालचा लाल क्रेट भरत भरत एवढा वाढला की ताईंच्या गव्हाच्या डब्याला गॅलरीत जावं लागलं.

या वैतागात त्यांचं सगळ्या जगाशीच बिनसत चाललं होतं. हल्ली दारावरच्या घंटा धड बनवत नाहीत, कुकर शिट्टी द्यायला कंजुषी करतात, मोबाइलवाल्यांनी रिंग स्वस्तातली घातली आहे. एकदा वैशाखात मी काळेवाडीला त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. ते तावातावाने सांगत होते की प्रदूषण इतकं वाढलंय, इकडे आता कोकिळासुद्धा येत नाहीत. आणि खिडकीबाहेरच्या आंब्यावर एक कोकिळा जीव तोडून ओरडत होती. मी ताईंकडे पाहिलं. त्या कपातल्या चहाकडे बघत बसल्या.

मग मला आठवलं. कारखान्याने कानात घालायला दिलेले बूच त्यांनी सगळी वर्षं गळ्यात घातले होते. प्रेसचा साचा कुठे झिजलाय हे ते ठोक्याच्या आवाजावरून सांगायचे, आणि कान झाकून साच्याचं दुखणं कसं ऐकायचं, हा त्यांचा सवाल असायचा. ताईंना केव्हाच कळलं होतं. ‘सांगू नका, भाऊजी,’ जिन्यात त्या एवढंच म्हणाल्या. मीही सांगितलं नाही. दोष व्हॉल्वचा आहे तोवर दुसरा व्हॉल्व तरी आणता येत होता.

त्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. सांगवीतल्या एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिकने दुकान बंद करताना त्यांना न वापरलेली जोडी दिली होती. अशी जोडी आता मिळणार नव्हती. ‘ही शेवटची,’ ते म्हणाले. ‘हिच्यात न्हाई आला, तर मग न्हाईच.’ कारखान्यात प्रेसला करायचे तशी त्यांनी ॲम्प्लिफायरची पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. व्हॉल्व लाल झाले. त्यांनी तान घेतली.

तो सूर आला. माझ्या चष्म्याच्या खुंट्यांनासुद्धा कळलं. सुरीसारखा लखलखीत आला आणि मांडणीवरचे पेले किणकिणले. साडू मान तिरकी करून वाट बघत राहिले. पुन्हा वाजवलं. पुन्हा पेले किणकिणले. मग त्यांनी ॲम्प्लिफायरकडे बघणं सोडलं आणि आमच्याकडे पाहिलं. ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

‘आला ना?’ त्यांनी विचारलं.

मी ‘हो’ म्हणून मान हलवली. आयुष्यात एवढं जड काही हलवलेलं नाही.

त्यांनी गिटार खाली ठेवली. मग सवयीने लाल चिठ्ठी काढली, तिचा दोरा सोडवला, आणि ती स्वतःच्या उजव्या कानाला अडकवली. ‘माल चांगलाय,’ ते म्हणाले. ‘इन्स्पेक्टर रिजेक्ट.’ आम्ही हसावं म्हणून ते हसले, आणि आम्हाला हसता आलं नाही.

तेव्हापासून व्हॉल्व बदलणं बंद आहे. लाल क्रेट भंगारात गेला, गव्हाचा डबा पलंगाखाली परतला, आणि त्याचा आनंद ताईंना झालेला नाही. रविवारी मी जातो. ते वाजवतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मी जमेल तसं सांगतो, आज जरा पितळी वाटतोय, आज बरा. ते माझं ऐकून बटण किंचित फिरवतात. माझ्या कानांवर एवढा भरवसा कुणी टाकलेला नव्हता, आणि मला तो नकोसा होतो.

परवा चैत्रात निघताना त्यांनी मला दारात थांबवलं. आंब्याकडे बोट करून विचारलं, ‘राव, येती का वो ती अजून?’

येते, म्हणालो. आत्ताही ओरडतेय.

‘मग थांबा जरा,’ ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, ती गप्प होईपर्यंत, माझ्याकडे बघत उभे राहिले.