बशीतली सकाळ

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. मुक्याबहिऱ्या मुलांच्या शाळेच्या फाटकातून मी माझ्या पाच वर्षांच्या लेकीला खच्चून हाक मारली. अंगणातलं एकही पोर वळलं नाही. वळला तो शिपाई. "घसा बरा हाय की तुमचा," म्हणाला.

त्या दिवशी तिची परीक्षा होती. पास झाली तर वरचा वर्ग, नाहीतर पोरीला घरीच ठेवा म्हणणार होते. परीक्षेला पुण्याहून एक साहेब आलेले. या गृहस्थांकडे खुणांचा छापील तक्ता होता आणि अक्कलही तक्त्याएवढीच होती. पोरांकडं बघायचं त्यांना कारणच नव्हतं. तक्ता नाकासमोर धरला की सगळं जग त्यात.

त्यांनी डोंगराआडून उगवणाऱ्या सूर्याचं चित्र दाखवलं. म्हणजे सकाळ. तक्त्याप्रमाणे हात खालून वर न्यायचा. सोलापुरात डोंगर कुठून आणायचा, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

लेकीनं तळहाताची बशी केली, फुरका मारून ओढली, बाहीनं तोंड पुसलं आणि दोन पावलं पळाली. माझ्या गिरणीचा भोंगा तिला कधी ऐकू आला नव्हता. भोंगा झाला की घरात काय होतं, ते मात्र ती रोज बघत होती. मागून सगळ्या वर्गानं बशा ओढल्या. शिकवलं होतं तिनंच.

"माकडचेष्टा," साहेब तक्त्याआडून म्हणाले. "ही खूण तक्त्यात नाही. पुन्हा विचारतो, शेवटचं."

मी लेकीसमोर पतंग उडवल्यासारखा हात खालून वर नेत राहिलो. तिला बहुधा माझी कीव आली. तिनं एकदाचा सूर्य उगवून दाखवला. मग शेजारच्या पोराकडं वळून नाकासमोर तळहात आडवा धरला आणि मान ताठ केली. ते पोर खुदखुदलं, त्यानं पुढच्याला दाखवलं. बघता बघता साहेबांची खूण तयार झाली.

साहेबांनी तक्ता खाली घेतला, तर सगळा वर्ग नाकासमोर हात धरून बसलेला. "वा, नमस्कार करतात," ते खूश होऊन म्हणाले आणि लेकीला पास केलं.

घरी येऊन मी बायकोपुढं साहेबाची यथेच्छ टर उडवली. ती भाकरी थापत ऐकत होती.

"साहेबाचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "अख्ख्या शाळेची सकाळ पोरीनं तुमच्यावर बेतलीय. उद्यापासनं जरा दमानं प्या की चहा."